मास्तरची जोडी

जुना डबा शेजारी चालू असेल तरच त्याची छाया नीट काम करते, असं वाक्य मी रिपोर्टात लिहिलं असतं तर आमच्या बिराजदार साहेबांनी मला दुसऱ्याच दिवशी सक्तीच्या रजेवर पाठवलं असतं. पण ते खरं होतं. आणि त्याचं कारण सापडेपर्यंत मी इतकी चिडचिडी झाले होते, की नवऱ्यानं घरी नुसतं "चहात साखर कमी आहे का गं" विचारलं तरी मी म्हणायचे, "आधी वायर तपास."

मी अक्षता मगदूम. माहेर-सासर दोन्ही जयसिंगपूर. सांगलीत 'पालट' नावाची कंपनी आहे, तिथं मी जुने कॉम्प्युटर छायेत नेण्याचं काम करते. म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

जुने कॉम्प्युटर अजून गावोगावी आहेत. कुठं उसाचा वजनकाटा त्यावर चालतो, कुठं बेदाण्याच्या शीतगृहाचं तापमान. त्यांचे सुटे भाग बनवणं कधीच बंद झालं. डबा म्हातारा झालेला, पण आतला प्रोग्राम ठणठणीत, आणि तो नव्या कॉम्प्युटरवर चालायला तयार नाही. मग आम्ही सांगलीच्या आमच्या मोठ्या यंत्रात त्या डब्याचा हुबेहूब देखावा उभा करतो. खरी डिस्क नाही, पण डिस्कसारखं वागणारं काहीतरी. खरं घड्याळ नाही, पण घड्याळासारखी टिकटिक. आणि डब्यातला सगळा माल उचलून त्या देखाव्यात नेऊन ठेवतो. भाडेकरूला झोपेत उचलून दुसऱ्या घरात नेलं, आणि सकाळी त्यानं सवयीनं हात लांब केला तर खुंटी तिथंच, टॉवेलही तिथंच, असं झालं पाहिजे. त्याला कळता कामा नये. खऱ्या कॉम्प्युटरला आम्ही डबा म्हणतो, देखाव्याला छाया, आणि या हलवण्याला पालट.

बहुतेक वेळा भाडेकरूला कळतंच. कुणी जुन्या डिस्कच्या कुलपाची किल्ली घेऊन नव्या दाराशी उभा राहतो आणि पडदा निळा करून रुसून बसतो. कुणाचा परवाना जुन्या कार्डाच्या नंबराला बांधलेला असतो. शिवाय भुतं असतात. भुतं म्हणजे डब्यात जे खरोखर होतं पण छायेत नाही, त्याच्या मागं राहिलेल्या नोंदी. नसलेला प्रिंटर, नसलेला पंखा. छाया त्यांना हाका मारत बसते आणि मंदावते. म्हणून पालट झाला की भुतं झाडायची, हा आमच्या धंद्यातला रिवाज.

अलीकडं अंगमाप आलं आणि आमचं काम बरंच सोपं झालं. डब्याला एक चपटी पट्टी आठवडाभर चिकटवून ठेवायची. ती त्याची सगळी चाल टिपते. डिस्क किती अडखळते, दुपारी किती तापते, पंखा किती फिरतो. मग छायेलाही तसंच अडखळायला शिकवायचं. जुने प्रोग्राम त्या अडखळण्याला इतके सरावलेले असतात, की वेग वाढवला तर गडबडतात. अंगमाप आल्यापासून माझा एकही पालट परत आला नव्हता, आणि ते मी ऑफिसात जरा जास्तच सांगत फिरायचे.

अशा वेळी मला मिरजेचं काम मिळालं.

सांगली-मिरज बिनड्रायव्हरची बस आता दर दहा मिनिटांनी आहे. ती प्रत्येक कुत्र्यासाठी अदबीनं थांबते, त्यामुळं चालत गेलेलं बरं असं लोक म्हणतात. मी बसनंच गेले. दस्तगीर चाचांचं तंबोऱ्यांचं दुकान म्हणजे पुढं कारखाना आणि मागं घर. दारात भोपळे वाळत टांगलेले, आत लाकडाच्या भुशाचा वास. चाचा सत्तरीच्या पुढचे, उंच, बोलायला कमी. त्यांच्या पत्नी राबियाचाची आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या, बुटक्या, आणि बोलण्याचा चाचांच्या वाटचा कोटासुद्धा त्याच वापरायच्या.

"मगदूमची पोरगी का तू? जैन न्हवं? मग कांदा-लसूण न्हाई चालायचं. तुझ्यासाठी वेगळं पातेलं काढते," हे त्यांचं पहिलं वाक्य.

कोपऱ्यात फळीवर तो डबा होता. त्याचं नाव मास्तर. वरच्या भिंतीवर दोन दिवे, एक हिरवा, एक लाल.

मला गाण्यातलं काही कळत नाही. लहानपणी पेटीच्या क्लासच्या बाईंनीच आईला हात जोडले होते. त्यामुळं चाचांनी मला हळूहळू समजावलं. तंबोऱ्याच्या तारा एका चपट्या पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा, की तार तिच्यावर टेकली तर आहे आणि नाहीही. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. जमलं तर एकाच तारेतून भुंग्यांची रांग उडाल्यासारखे वरचे बारीक स्वर निघतात. याला म्हणायचं जवारी लागली. नाही जमलं तर तार नुसती टण्ण करते.

"आणि हे बारीक स्वरच मला ऐकू येत न्हाईत," चाचा म्हणाले. "पन्नाशीतच गेले. खालचं सगळं ऐकू येतं. ट्रक ऐकू येतो, हिचं बोलणं ऐकू येतं. भुंगा न्हाई येत."

"माझे कान चांगले होते की," चाची मध्येच म्हणाल्या. "सुरुवातीला मी शेजारी बसायची. हे घासायचे, विचारायचे, लागली काय? मी सांगायची. पण ह्यांना खरं वाटायचं न्हाई. म्हणायचे, तू मायेनं बोलतीस. मी दमलोय हे बघून लागली म्हणतीस. रोज भांडण. मग म्हटलं थांबा, ज्याला माया न्हाई असं काहीतरी आणते."

आयटीआयनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला, स्वतः प्रोग्राम लिहिला, माइक लावला. तार छेडली की मास्तर ऐकायचा. जवारी लागली तर हिरवा, नाही तर लाल. वीस वर्षं चाचांनी त्या दिव्याकडं बघून तंबोरे लावले, आणि ते देशभर गेले.

"बायकोचं खरं वाटत न्हाई म्हणून यंत्र करावं लागलेलं जगातलं हे एकच घर असंल," चाची म्हणाल्या. चाचा हसले नाहीत, पण मिशी हलली.

आता मास्तरची डिस्क कुरकुरत होती आणि आतले भाग फुगले होते. तो कधीही गेला असता. चाचांचा निर्णय झालेला होता. मास्तर गेला तर दुकान बंद. कानानं ऐकू येत नसताना जवारी लावून विकायची म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, असं ते म्हणायचे. मुलगा मुबीन पुण्यात असतो. तो रविवारी गाडी घेऊन येणार होता. छाया चालली तर तो दोन दिवस राहून परत जाईल, नाही चालली तर आईबापांना कायमचं घेऊन जाईल, असं तिघांत ठरलेलं.

चाची मला दारापर्यंत सोडायला आल्या. "पुणं वाईट न्हाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोरगा चांगला आहे, सून लाखात एक. पण हे तिथं बाल्कनीत बसून काय करतील गं? हाताला काम न्हाई तर ह्या माणसाचं काय होईल, मला भीती वाटते."

मी म्हटलं, "चाची, माझा एकही पालट परत आलेला नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अंगमाप घेतलं, बुधवारी पालट केला. माल हलवला, कुलूप बदललं, भुतं झाडली. दुकानात मास्तरच्या जागी फक्त एक माइकची डबी उरणार होती, ती तारेनं सांगलीच्या छायेशी जोडलेली. खात्रीसाठी मी छायेला शेजारी वेगळे दोन दिवे लावले आणि डबा आणि छाया दोन्ही एकदम चालू ठेवले. चाचांनी एकेक तंबोरा छेडला. डब्याचा दिवा हिरवा, छायेचाही हिरवा. मुद्दाम बिघडवलेल्या घोडीला दोघांचा लाल. सगळं जुळलं. चाचींनी गव्हाची खीर केली होती, आणि "दिवस बुडायच्या आत खा, तुमच्यात नंतर चालत न्हाई न्हवं," म्हणून वाटी हातात कोंबली. मी डबा बंद केला, 'यशस्वी' असा शेरा मारला आणि खुशीत घरी गेले.

गुरुवारी सकाळी चाचींचा फोन. "अक्षता, मास्तर सगळ्यांना नापास करतोय."

गेले तर खरंच. कालचेच तंबोरे, आणि एकजात लाल. नवे लाल, जुने लाल, गेल्या महिन्यात पास झालेला सुद्धा लाल.

मी मान वर करून चाचांना सांगणार, की छाया बिघडलीय, तेवढ्यात ते म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. माझाच हात गेला."

"अहो चाचा, काल तर..."

"काल जुना मास्तर होता. म्हातारा झालेला. दोस्त दोस्ताला पास करतो. नवा खरं बोलतोय." आणि त्यांनी कानशी पुसून फडक्यात गुंडाळायला घेतल्या.

चाची मला आत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तुझं यंत्र खोटं बोलतंय एवढं सिद्ध कर. ह्यांचा हात गेलेला न्हाई. मला माहीत आहे. पण माझं खरं वाटत न्हाई ना."

मी बिराजदार साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "छायेतला माल आणि डब्यातला माल शेवटच्या ठिपक्यापर्यंत सारखा आहे का? आहे ना? मग आपलं काम संपलं. गिऱ्हाइकाचे कान तपासायला सांगा. नाचता येईना अंगण वाकडं."

"साहेब, नाचणारा म्हणतोय की मला नाचता येत नाही. अंगणच वाकडं आहे, हे मी म्हणतेय."

"मग तुमच्या सुट्टीत म्हणा."

मी सुट्टी टाकली.

माझी पहिली शंका आवाजाच्या कार्डावर. छायेतलं कार्ड खोटं, डब्यातलं खरं. तपासलं, ठीक. मग घड्याळ. छायेचं घड्याळ मागंपुढं धावतं, आणि आवाज मोजणाऱ्या प्रोग्रामला ते चालत नाही. तेही ठीक. शेवटी तुलना करायची म्हणून मी डबा परत सुरू केला आणि चाचांना एक तार छेडायला लावली.

छायेचा दिवा हिरवा.

डबा बंद केला. लाल. सुरू केला. हिरवा.

"म्हणजे ह्याला त्याची सोबत लागते," चाची म्हणाल्या.

"सोबत वगैरे नसतं चाची. ही गुपचूप त्याच्याकडनं काहीतरी घेतेय. नेटवर्कमधनं."

मी डब्याची नेटवर्कची तार उपटली. हिरवा. मग म्हटलं परवाना असेल, डिस्कमध्ये कुठं लपलेला. डिस्कच काढून टेबलावर ठेवली. आता डब्याच्या डोक्यात काही नाही, नुसता भणंग झालेला, आणि छाया तरी हिरवी. आवाजाचं कार्ड काढलं. स्मृतीच्या पट्ट्या काढल्या. डबा टीं टीं करून रडला आणि गप्प झाला. चाचांनी तार छेडली. हिरवा.

संध्याकाळ झाली होती. चाचींनी मला जेवायला बसवलं, कांद्याशिवायची आमटी आणि भाकरी. चाचा बाहेर भोपळे उतरवून ठेवत होते, पुण्याला जायच्या तयारीनं. मी विचारलं, "चाची, मास्तरला हे शिकवलं कसं? लागली आणि नाही लागली यातला फरक त्याला कोणी सांगितला?"

चाचींनी दाराकडं बघून घेतलं. "मीच. सुरुवातीला पोत्यानं तंबोरे छेडून घेतले, आणि प्रत्येकाला मी सांगितलं, ही लागली, ही न्हाई. त्यावरनं तो शिकला." मग ताटात आणखी एक भाकरी टाकत म्हणाल्या, "ह्यांना सांगू नको. मास्तर स्वतःच्या अकलेनं सांगतो असं ह्यांना वाटतं. वाटू दे."

मला ठसका लागला.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा त्या रिकाम्या डब्यासमोर बसले. आत उरलं होतं काय? वीज घेणारा भाग, आणि एक पंखा. पंख्याकडं मी कशाला बघतेय? पंखा कुठं विचार करतो? पण दुसरं काही काढायला शिल्लकच नव्हतं. चाचांची खूण करायची जाडी पेन्सिल घेतली आणि पात्यांत घातली. पंखा खरकन थांबला.

"चाचा, छेडा."

लाल.

पेन्सिल काढली. पंखा घुमायला लागला. हिरवा.

मी तीनदा करून बघितलं आणि मग जमिनीवर बसून हसत सुटले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वीस वर्षं डबा माइकच्या शेजारी होता. मास्तरनं ऐकलेली प्रत्येक तार त्यानं स्वतःच्या पंख्याच्या घुमण्यासकट ऐकली होती. सात पात्यांचा पंखा, सेकंदाला सुमारे वीस फेरे. म्हणजे हवेला सेकंदाला एकशेचाळीसच्या आसपास थपडा, आणि तेवढ्या थपडांचा एक स्वर होतो. चाचांचे तंबोरे काळी एकच्या पट्टीचे, त्यांचा षड्ज तिथंच शेजारी. दोन जवळजवळ सारखे स्वर एकत्र वाजले की आवाजाला हेलकावे येतात. जवारी लागलेली असेल तर वरच्या बारीक स्वरांतही ते उमटतात, नसेल तर उमटत नाहीत. मास्तर ते हेलकावे ऐकायला शिकला होता. छायेला पंखा नाही, म्हणून हेलकावे नाहीत, म्हणून सगळे नापास. आणि पंख्याचं भूत मी स्वतःच्या हातानं झाडलं होतं. भूत ठेवलं असतं तरी ते घुमलं नसतंच, नोंदीला कुठला आवाज.

हे मी सांगितल्यावर चाची पदरात तोंड घालून हसल्या. चाचा हसले नाहीत.

"म्हणजे वीस वर्षं षड्ज पंख्यानं दिला," ते म्हणाले.

"तसं नाही चाचा..."

"तसंच. पंखा कानाशी घुमत होता. मी त्याच्यावर तारा लावल्या आणि लोकांनी माझं नाव घेतलं." आणि ते उठून आत गेले.

झालं. यंत्र निर्दोष सुटलं आणि माणूस आत गेला. रात्री नवऱ्यानं विचारलं, "सापडलं ना? मग चेहरा का पडलाय?" मी म्हटलं, "मशीन दुरुस्त झालं रे. चाचा बिघडले."

शनिवारी मी आमच्या यंत्रावर बसून दोन कामं केली. एक, झाडलेलं भूत परत बोलावलं आणि या वेळी त्याला आवाज दिला. अंगमापात पंख्याची चाल होती, तिच्यावरनं तसाच घुमणारा आवाज केला आणि तो दुकानातल्या छोट्या भोंग्यातून वाजेल अशी सोय केली. दुसरं काम मास्तरच्या पोटातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर; ऐकलेली प्रत्येक तार तो तारखेसकट साठवून ठेवायचा. त्या प्रत्येकात पंखाही ऐकू येतो आणि तारही. मी दोघांच्या रेघा एकाच कागदावर काढल्या, आणि त्या बघून खुर्चीत सरळ बसले.

रविवारी मी पोचले तेव्हा मुबीनची गाडी दारात होती. मुबीन म्हणजे चाचींची उंची आणि चाचांचं गप्प राहणं. ओटीवर दोन बॅगा बांधून ठेवलेल्या. चाचा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, हात मांडीवर. त्यांचे ते रिकामे हात बघवत नव्हते.

मी भोंगा जोडला, भूत सुरू केलं. घुम्म. चाचींनी तार छेडली. हिरवा.

"चाललं की मग," मुबीन म्हणाला. "अब्बा, आता राहा."

"नको," चाचा म्हणाले. "त्याचं चाललं. माझं काय? पंख्याच्या षड्जावर दुकान चालवू?"

मी कागद मुबीनच्या हातात दिला. "ही वाकडी रेघ पंख्याची. ही दुसरी तुमच्या अब्बांच्या षड्जाची. बघून सांगा त्यांना."

मुबीननं कागद दिव्याखाली धरला. पंख्याची रेघ म्हणजे घाटाचा रस्ता. सकाळी गार असताना खाली, दुपारी डबा तापला की वर, धूळ साचली की परत खाली, वर्षानुवर्षं. आणि दुसरी रेघ पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एका जागी.

"अब्बा," मुबीन म्हणाला, "तुमची सरळ आहे. पंखा तुमच्याभोवती हिंडतोय. तुम्ही हललेलाच न्हाई."

चाचांनी कागद घेतला. त्या सरळ रेघेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जसं ते घोडीवरून फिरवतात.

"मग हा षड्ज कुठला?" त्यांनी विचारलं.

"तुमचा," चाची म्हणाल्या. "आणखी कुणाचा असणार? शेजारचा?"

चाचांनी कागद मांडीवर ठेवला. मग त्यांनी मला विचारलं, "माझं बरोबर होतं, तर मास्तरला पंखा कशाला लागत होता?"

"तो एकट्या तारेला ओळखतच नाही चाचा. जोडीत ऐकायला शिकलाय. शेजारी कुणीतरी त्याच सुरात घुमत असेल तरच त्याला कळतं. पंखाच पाहिजे असं काही नाही."

"तंबोरे तसे जोडीनंच विकतात," मुबीन म्हणाला. "गवयाच्या मागं दोन."

हे ऐकल्याबरोबर चाची उठल्या. त्यांनी आधी माझा भोंगा बंद केला. "कटकट नुसती," म्हणाल्या. माझं दिवसभराचं काम एका बटणात गेलं. मग भिंतीवरचा तयार तंबोरा उतरवून त्या चाचांच्या शेजारच्या पाटावर बसल्या. तो पाट वीस वर्षं तिथंच होता, त्यावर भुशाचं टोपलं असायचं. त्यांनी टोपलं पायानं सरकवलं.

"अगं, गुडघे दुखतील," चाचा म्हणाले.

"दुखू देत. वीस वर्षं पंख्याला माझ्या जागेवर बसवून ठेवलं, कुणाला कळलंसुद्धा न्हाई. मला पण न्हाई."

मला राहवलं नाही. "चाचा, आणखी एक सांगू का? मास्तरला शिकवलं चाचींनी. लागली, नाही लागली, हे सगळं त्यांच्या कानानं. तुम्ही वीस वर्षं दिव्याकडं बघून त्यांचंच ऐकलंत."

चाचींनी माझ्याकडं असं बघितलं, की आता आमटीत मुद्दाम कांदा पडणार. चाचा मात्र वळून त्यांच्याकडं बघत राहिले.

"खरं?"

"खरं. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही मास्तरलापण म्हटला असता, मायेनं बोलतोय."

आणि दस्तगीर चाचा हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुबीनही हसायला लागला आणि मीही, आणि चाची तेवढ्या गंभीर बसून तंबोऱ्याची धूळ पुसत राहिल्या.

हसू ओसरल्यावर मुबीननं ओटीवरच्या बॅगांकडं बोट दाखवलं. "मग ह्यांचं काय करू?"

"आत ठेव," चाचा म्हणाले. "मास्तरनं घर बदललं. मी कुठं बदललं?" आणि मग त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, "उन्हाळ्यात येतो, पाहुणा म्हणून. सुनेला सांग, पुरणपोळी करायची."

मुबीन बॅगा उचलून आत गेला. माझा अंदाज असा, की सगळ्यात जास्त सुटका त्याचीच झाली होती.

चाचांनी फडक्यातून कानस काढली. नवा तंबोरा मांडीवर आडवा घेतला, घोडीवर दोन हलके हात मारले, फुंकर घातली, तारेखाली सूत सरकवलं. शेजारी चाची छेडत बसल्या, एका लयीत, डोळे मिटून. खोलीभर ते घुमणं पसरलं. त्यात चाचांनी आपली तार छेडली. सूत केसभर सरकवलं. पुन्हा छेडली. आणि मला, जिच्या आईला क्लासच्या बाईंनी हात जोडले होते तिला, त्या तारेतून काहीतरी उघडल्यासारखं ऐकू आलं. एका आवाजातून दुसरा, त्यातून तिसरा.

वीस वर्षांची सवय. आता चाचांची मान दिव्याकडं वळणार, म्हणून मी बाजूला झाले. ती वळली नाही. त्यांनी चाचींकडं बघितलं.

"लागली काय?"

चाचींनी घाई केली नाही. पूर्ण ऐकून घेतलं.

"लागली," त्या म्हणाल्या.

चाचांनी मान हलवली आणि पुढच्या तारेला हात घातला. मागं भिंतीवर मास्तरचा दिवा हिरवा झाला होता. तो फक्त मीच बघितला.